बाहेर बसायची जागा

रविवार होता आणि पप्पा जवळा निवडत बसले होते. बदलापुरात कात्रपच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत सकाळचं ऊन समोरच्या दोन टॉवरांमधल्या फटीतून येतं. तिसऱ्या टॉवरचं काम सुरू झाल्यापासून ती फट बुजत चालली होती. पप्पा त्या उन्हाच्या पट्ट्यात पाट टाकून बसायचे आणि पट्टा सरकला की पाटासकट सरकायचे. पुढ्यात जुना पेपर, त्यावर जवळ्याचा ढीग. काडी-कचरा एका बाजूला, चुकून आलेले शिंपले दुसऱ्या बाजूला. यशोधरा आत कपड्यांच्या घड्या करत होती. "यशो, तुमचं पोलीस स्टेशन आलंय बघ पेपरात," ते म्हणाले आणि बोटाने जवळा बाजूला सारून त्यांनी मोठ्याने वाचलं. वाढत्या लोकसंख्येमुळे पूर्व भागाला स्वतंत्र पोलीस ठाणे, आरक्षित भूखंड, पालिकेचा हिस्सा, शासनाचा हिस्सा. पुढची ओळ जवळ्याच्या पाण्याने विरघळली होती. "तूच काढतेस ना त्याचा नकाशा?" "मी एकटी नाही पप्पा. आमचं ऑफिस काढतंय." "तेच ते." मग थोडा वेळ नुसता जवळ्याचा आवाज, म्हणजे आवाज नव्हेच, बोटांची बारीक चाळवाचाळव. आणि मग, मान वर न करता, "बाहेर बसायला बाकडं असणार का गं तिथे?" तिच्या हातात आईच्या साडीची शेवटची घडी होती. ती म्हणाली, "असेल ना. सगळीकडे असतं." पप्पा म्हणाले, "हां." ऊन सरकलं, पाट सरकला. दुपारी कालवण झालं, आईच्या मते त्यात कोकम जास्त पडलं. संध्याकाळी ते मैदानावर फेरी मारून आले. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि पुन्हा सरळ झाले नाहीत.

तो प्रश्न मात्र सरळ उभा राहिला. दुःख येईल म्हणून ती वाट बघत होती, पुस्तकांतून ते कसं येतं हे तिला पाठ होतं, रिकामी खुर्ची, खुंटीवरचा शर्ट, दाढीचा ब्रश. आणि त्या प्रत्येक वस्तूपाशी ती जाऊनही आली होती, पण तिथे काही घडलं नाही. तिच्या मनाने धरलं होतं ते बाकडं. पप्पांना काय करायचं होतं बाकड्याचं? आयुष्यभर ऑर्डनन्सच्या कारखान्यात भोंग्यावर जाणारा-येणारा माणूस, रिटायर झाल्यावर बदलापुरात आला तो शांतता म्हणून. कुणाशी भांडण नाही, कोर्ट नाही, साधा मोबाईलही कधी हरवला नाही. पाणी येईल का, रस्ता होईल का, मागच्या मैदानात जयंतीचा मांडव पडेल ना, हे त्यांचे नेहमीचे प्रश्न. पोलीस स्टेशनच्या बाहेर बसायला जागा आहे की नाही, हे कुतूहल त्यांच्यात कुठून आलं? आणि कुठून आलं हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. ठाऊक होतं. म्हणून तर ती 'सगळीकडे असतं' असं इतक्या पटकन म्हणाली होती.

पप्पांचं पुण्यानुमोदन विहाराच्या हॉलमध्ये झालं. त्रिसरण-पंचशील झाल्यावर माइक फिरू लागला. ही आपल्याकडची रीत तिला लहानपणापासून आवडायची. कुणी गेलं की उठून दोन शब्द बोलायचे, मग ते कारखान्यातले असोत की इमारतीतले. आणि दोन शब्दांचे वीस होत होत माणसाचं एक चित्र तयार व्हायचं, जरा उजळ, जरा उंच, पण त्याचंच. पप्पांचे जुने सोबती म्हणाले, शिवरामदादा कुणापुढे वाकला नाही. साहेबाच्या केबिनमध्ये गेला तरी आधी खुर्ची ओढून बसणार, मग बोलणार. हॉल हसला. मग नरेंद्रमामा उठले. आईचे हे धाकटे भाऊ, आता केस पांढरे झालेले. "मला मिरवणुकीतल्या भांडणात उचललं होतं तेव्हा सोडवायला कोण आलं? भाऊजी. साहेबासमोर खुर्ची ओढून बसले. साहेबाने चहा मागवला त्यांना. मी आत गजांमागे, आणि हे बाहेर चहा पितायत!" पुन्हा हशा, आणि त्या हशातच मामांनी माइक पुढे केला. माइक यशोधराकडे आला. ती बोलली. शांत, नेटकी वाक्यं; शेवटी कुणीतरी म्हणालंसुद्धा की पोरगी शिकलेली आहे ते कळतं. पुस्तकांनी तिला शोकाची इतकी वाक्यं दिली होती की त्यात तिचं एकही नव्हतं, हे तिचं तिला ऐकू येत होतं. खाली बसताना तिने आईकडे पाहिलं. आई मामांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं, कौतुकही नव्हतं. काय होतं ते त्या वेळी तिला लावता आलं नाही.

ती पुन्हा कामावर रुजू झाली तेव्हा पोलीस स्टेशनच्या नकाशातली दारापुढची ओसरी गेलेली होती. हितेशचं ऑफिस उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, खाली पडद्यांचं दुकान, वर जिना इतका अरुंद की नकाशांची गुंडाळी उभी धरून न्यावी लागते. हितेश आर्किटेक्ट आणि मालक. फाळणीनंतर इथल्या बराकीत आलेल्या सिंधी आजोबांचा नातू, मराठी बोलता बोलता हिंदीत उतरायचा आणि पुन्हा वर यायचा. "आधी बस. पाणी पी," तो म्हणाला. "पापा गेले, मला बोलायला येत नाही यार अशा टायमाला. माझी मम्मी गेली तर लोक काय काय बोलत होते, मला फक्त एकाने समोसा खायला लावला तेवढं लक्षात आहे." मग त्याने खरोखरच समोसा मागवला. समोसा खाताना तिने स्क्रीनवर पाहिलं. इमारत तीच, दर्शनी भाग तोच, पण दारापुढे आता सपाट पायऱ्या आणि पायऱ्यांनंतर लगेच गाड्यांची जागा. "ओसरी कुठाय?" "व्हरांडा? कापला. सुन ना. जागा पालिकेची, बिल्डिंगला पैसा वरून येणार, तो येणार तेवढाच येणार. वरचा खर्च पालिकेने घालायचा, आणि पालिका बोलते पाण्याच्या लायनी टाकू की तुमचा व्हरांडा बांधू? आता लॉकअप कापू? वायरलेस रूम कापू? साईं, कापायचं ते, ज्याच्यासाठी भांडायला कोणी येत नाही." हे हितेशचं तत्त्व नव्हतं, धंद्यातली रीतच ती. अंदाजपत्रक वर गेलं की सगळ्यांची नजर आपोआप इमारतीच्या कडेला जाते. दवाखान्यात नातेवाइकांची शेड, शाळेत आयांची जागा. तिने स्वतः ती कितीदा कापली होती. "बाहेर बसणारा माणूस इमारतीत मोजलाच जात नाही," ती म्हणाली. "मोजला तर एफएसआयमध्ये येईल," हितेश म्हणाला, आणि तिला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "गुरुवारी पालिकेत मीटिंग आहे. तुला पाहिजे तर बोल तिथे. पण कारण दे. 'मला वाटतं' नको."

कारण. ती संध्याकाळपर्यंत तो नकाशा बघत राहिली. दर्शनी चित्रात तयार माणसं टाकायची असतात, संगणकात त्यांचा साठाच असतो, आणि ती कुठल्या देशाची आहेत कुणास ठाऊक. बॅग घेतलेला एक सुटातला माणूस, छत्री घेतलेली बाई, कुत्र्याबरोबर धावणारी मुलगी. कुणीतरी पोलीस स्टेशनच्या दारात फुगा घेतलेलं मूलही टाकून ठेवलं होतं. सगळी चालणारी. तिने साठा पूर्ण पालथा घातला, त्यात वाट बघणारा माणूस नव्हता. कॉफी पीत बसलेले होते, पण ते वेगळं. ज्याला आत बोलावतील की नाही हे माहीत नाही, आपले हात कुठे ठेवायचे हे ज्याला कळत नाही, असं कुणीच नव्हतं. तिला गंमत वाटली. शहर वाढतं तेव्हा त्याला आधी काय लागतं? शाळा, गटार, नाका. मग कधीतरी ते मान्य करतं की आता आपण एकमेकांना ओळखत नाही, आणि मग पोलीस स्टेशन मागतं. म्हणजे अनोळखीपणा वाढल्याची ही सरकारी पोच. त्या भीतीसाठी तरतूद करायची, हप्ते पाडायचे, निम्मी भीती शासनाची, निम्मी पालिकेची. पण भीती घेऊन येणारा माणूस बसणार कुठे, याचं खातंच नाही.

त्या आठवड्यात ती पोलीस स्टेशनं बघत हिंडली. अभ्यास म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. आत कामच नव्हतं तिला. ती बाहेर थांबायची आणि माणसं काय करतात ते बघायची. माणसं पायऱ्यांच्या कडेला बसतात, पण अर्धं बूड टेकवून, म्हणजे कुणी ओरडलंच तर आपण उभेच होतो असं म्हणता यावं. भिंतीला टेकतात, पण खांद्याने. पाठ लावत नाहीत. जप्तीच्या मोटरसायकली धूळ खात उभ्या असतात, त्यांच्यावर बसतात. एका ठिकाणी अशाच एका गाडीवर एक वयस्क बाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून ऐटीत बसली होती, चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची, नाव चंद्री. बकऱ्या चोरीला गेल्या होत्या. यशोधराने विचारलं, "मावशी, गाडी कुणाची?" "चोराची हाय ती. इथं त्याचीच तेवढी जागा, आमची कुठं?" चंद्री म्हणाली. "खाली बसलं का हवालदार बोलतो, वाटेत बसू नको. उभी रायलं का बोलतो, कशाला डोक्यावर उभी रायलीस. मंग मी चोराच्या गाडीवर बसतंय. त्यो काय बोलत नाय." शेजारी तिचा नवरा नवसू उभा होता, टोपी हातात. "तुम्ही नाही बसत?" यशोधराने त्याला विचारलं. उत्तर चंद्रीनेच दिलं. "त्यो नाय बसायचा. बापयाला लाज वाटते, ताय. बसलं का लोकांना वाटतं, ह्यो बसूनच ऱ्हाणार. उभा रायलं का वाटतं, आत्ताच आलाय, आत्ताच जाईल." नवसू हसला, टोपीची कड एका बोटाने गोल फिरवत राहिला. यशोधराची नजर त्या टोपीवर खिळली. टोपी फिरत होती, थांबत होती, उलट फिरत होती.

पप्पांच्या हातात छत्री होती. पावसाळा नव्हता, ती काळी लांब छत्री ते उन्हासाठी घ्यायचे. तेव्हा ती सातवीत होती, ते अंबरनाथला कामगारांच्या चाळीत राहायचे आणि शाळेतून येताना ती पुस्तकांच्या दुकानावरून लांबून यायची, कारण दुकानदार उभ्याने वाचू द्यायचा. त्या वाटेवर ती चौकी होती. आता तिथे मोबाईलची दुकानं आहेत. रस्त्यापलीकडे बदामाचं झाड होतं आणि त्या झाडामागून तिने पाहिलं, पप्पा चौकीच्या दारात उभे होते. दारात म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर, एका अंगाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत. आत बाकडं होतं, ते दिसत होतं. त्यावर एक शिपाई पाय पसरून बसला होता. पप्पा छत्री दोन्ही हातांनी उभी धरून होते आणि तिची मूठ फिरवत होते, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. आतून कुणी बाहेर आलं की त्यांचे खांदे थोडे पुढे येत, माणूस गेला की मागे. ते थोडंसं पुढे येणं. त्यांना घरी तिने तसं कधीच बघितलं नव्हतं. हाच माणूस तिला सांगायचा, कुठल्याही ऑफिसात गेलीस की आधी बस, उभ्याने बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. ती किती वेळ झाडामागे होती ते तिला आता सांगता येणार नाही. ऊन रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला गेलं होतं. मग ती मागे वळली आणि चौकी लागणार नाही अशा वाटेने घरी गेली. संध्याकाळी पप्पा आले, मागोमाग मामा, ओठ फुटलेला. चाळीतली माणसं जमली. पप्पांनी छत्री खुंटीला लावली आणि म्हणाले, "काय नाय, साहेब चांगला होता. बसवून घेतलं. चहा पाजला." चाळीतली माणसं खूश झाली. तीही त्यांच्याबरोबर हसली आणि हसताना तिने पप्पांकडे नव्हे, छत्रीकडे बघितलं.

तेव्हापासून ती प्रत्येक ऑफिसात आधी बसत आली. कॉलेजात, बँकेत, मुलाखतीत. लोक म्हणायचे, बापाचा स्वभाव उतरलाय. पण तिला माहीत होतं की तिने उचललं ते पप्पांचं बसणं नव्हतं. त्या दुपारी ते बसले नव्हते, तेच ती इतकी वर्षं त्यांच्या वतीने बसत आली होती. हे त्यांना सांगावं असं किती वेळा वाटलं. सांगितलं तर त्यांची गोष्ट मोडते, न सांगितलं तर ते तिथे एकटेच उभे राहतात. आणि मग तो रविवार. जवळ्यात बोटं, मान खाली, बाहेर बाकडं असणार का गं. त्यांना काही सांगायचं होतं का? की तिला सांगायची मुभा द्यायची होती? की नुसतंच विचारायचं होतं, जसं बाप मुलीला तिच्या कामाबद्दल विचारतो? हे तिन्ही प्रश्न ती रोज उलटसुलट करत होती, आणि नवल म्हणजे त्यात तिला यातना होत नव्हत्या, एक जागं ठेवणारं कुतूहल होतं. जणू पप्पा मेले नव्हते, नुसते तिला नीट समजायचे राहिले होते.

बुधवारी संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. यशोधराने ओट्याला टेकून सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामाला सोडवलं त्या दिवशी पप्पा घरी आले, तेव्हा तू त्यांचे पाय शेकलेले का गं?" "शेकले की. घमेल्यात गरम पाणी, मीठ घालून. घोट्यापाशी असे टम्म झालेले." "का?" "म्हणाले, बसून बसून जड झाले." आईने भाकरी उलटली. वाफ तिच्या चेहऱ्यावरून गेली. "बसलेल्या माणसाचे पाय असे होतात होय गं?" यशोधराने ओट्यावरचं पीठ बोटाने गोळा केलं. "मला वेडी समजलीस? पण नरेंद्राच्या जिवाला तेवढीच गोष्ट होती चांगली. पोराला आत मारलेलं. बाहेर आपला माणूस चहा पितोय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. मग राहू दे म्हटलं." पुढची भाकरी तव्यावर टाकत आई म्हणाली, "आणि ह्यांनाही बरं वाटायचं ते. सांगून सांगून खरंच प्याल्यासारखं झालेलं." तव्यावर भाकरी फुगली. तेव्हा यशोधराला विहारातला आईचा चेहरा लागला. ती राखण होती. इतकी वर्षं तिघं एकाच घरात, तिघंही तीच दुपार जपत, एकमेकांपासून. 'मी पण पाहिलं होतं' हे तिच्या ओठांवर आलं, पण आईने तेवढ्यात विचारलं, "एक की दोन?" आणि ती म्हणाली, "दोन."

गुरुवारी पालिकेच्या सभागृहात एसी इतका होता की लोक हात काखेत घालून बसले होते. शहर अभियंता तुषार सावंत, पोलिसांकडून एक अधिकारी, लेखा विभागाच्या ऋतिका मॅडम, दोन-तीन जण ज्यांची ओळख कुणी करून दिली नाही. मागच्या भिंतीवर शहराचा विकास आराखडा लावलेला, त्यात कात्रपचा तो भूखंड निळ्या रंगात, एवढासा. हितेशने सादरीकरण केलं. लॉकअप, महिला कक्ष, मुद्देमालाची खोली, सोलर. सगळं ठीक चाललं होतं. मग तो म्हणाला, "एक पॉइंट आहे. आमच्या यशोधरा मॅडमना बाहेरच्या व्हरांड्याबद्दल बोलायचंय." तुषार साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही, हे त्यांचं सौजन्य. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख आम्हाला कळलं, सॉरी. पण व्हरांडा आपण काढला ना? पालिकेच्या हिश्शात बसत नाही तो." पोलीस अधिकारी म्हणाला, "आणि बघा, बाहेर बसायला सोय केली की गर्दी हटत नाही. चार जण आले तर चाळीस बसतात. माझा अनुभव आहे." तो वाईट माणूस वाटत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली झोप साचलेली होती. ऋतिका मॅडम म्हणाल्या, "मी फाइलवर काय लिहू, तेवढं सांगा. एखादं ठोस कारण असेल तर खर्चाचा हेड बदलून बघता येईल. उद्यानाचा, नागरी सुविधांचा. पण कारण लागेल."

बोलणाऱ्याने पडद्याजवळ उभं राहायचं असतं. हितेशने तिच्यासाठी जागा करून दिली. तिच्याकडे कागद होते, फोटो होते, चोराच्या गाडीवर बसलेली चंद्री होती, टोपी फिरवणारा नवसू होता. हे सगळं पुरेसं होतं, नेटकं होतं, आणि ते ती उत्तम बोलली असती. पुन्हा कुणीतरी म्हणालं असतं, शिकलेली आहे ते कळतं. ती पडद्यापर्यंत गेली. तिथे भिंतीशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, कुणाचा तरी डबा ठेवलेली. तिने डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला, सगळ्यांनी वर पाहिलं. ती बसली. हात मांडीवर ठेवले तर ते आपोआप एकात एक गेले आणि अंगठा अंगठ्याभोवती फिरू लागला, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. तिने त्यांना थांबवलं नाही.

"माझे वडील," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला, "एकदा एका चौकीच्या दारात उभे होते. त्यांच्या मेव्हण्याला आत ठेवलं होतं. दुपारभर उभे होते, बसायला जागा नव्हती. आत एकच बाकडं होतं आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं की साहेबांनी बसवलं, चहा दिला. आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. परवा त्यांच्या कार्यक्रमातसुद्धा लोकांनी तेच सांगितलं." पोलीस अधिकारी टेबलाकडे बघत होता. ऋतिका मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. कारण देऊन झालं होतं; इथे थांबता आलं असतं. पण मागच्या भिंतीवरच्या त्या निळ्या तुकड्याकडे तिची नजर गेली, त्या भूखंडावर अजून गवत होतं, त्याच्या कडेने पप्पा संध्याकाळी फेरी मारायचे, आणि मग समोर कोण बसलंय याचं तिला भान राहिलं नाही.

"पप्पा, मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी समोरच होते, बदामाच्या झाडामागे. तुम्ही उभे होतात तोवर मीपण उभीच होते."